दगडाखालचा सूर

लोहारा
ता. १२ जानेवारी १९६०

चि. गोरोबास,
लिंबाजीमामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळी खुशाली, तिकडं तुझी आणि तारामतीची असावी.

पहिली बातमी ही की माझं यंत्र वारलं. सोलापूरच्या लष्करी भंगारातून घेतलेलं ते सुरुंग हुडकायचं धूड आठ वर्षं पाठीवर वाहिलं. गेल्या मंगळवारी गावाबाहेरच्या जुन्या वस्तीच्या पांढरीवर नेलं, तिथंच मान टाकली. जिवंत होतं तेव्हा तरी काय दिवे लावत होतं म्हणा! खाली नाणं असो की बैलाचा नाल, त्याची आपली एकच बोंब. त्याच्या सांगण्यावरून आठ वर्षांत मी टोपलंभर नाल, तीन खुरपी आणि बादलीची एक कडी उकरली, आणि त्या नादात बावीस जुनी नाणी मिळाली. तुझी मामी म्हणते, एवढ्या खणण्यात दुसऱ्या कुणाची विहीर झाली असती.

तू पुण्यात रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात आहेस, तेव्हा नवं यंत्र तूच बघायचं. त्यातली निम्मी माझी हौस. निम्मं काम तुमच्या रानाचं आहे, म्हणून पुढचं सावकाश वाच.

तुमच्या विहिरीपलीकडं हद्दीचा दगड आहे, त्यावरून शेजारच्या दादामियाँनी मोजणीचा अर्ज दिलाय. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत ते बिऱ्हाड घेऊन गुलबर्ग्याला गेले आणि एक्कावन्नला परतले. तेव्हापासून त्यांच्या मनात आहे की दगड बारा पावलं त्यांच्या रानात सरकलाय. माणूस भला. दाजी, तुझे अण्णा, होते तोवर तोंडातून शब्द काढला नाही. आता म्हणतात, पोरांच्या वाटण्या करायच्यात, माझी हद्द मला कळू द्या. बारा पावलांत काय जातं ते तुला सांगायला नको. तुझ्या पगारावर पाडलेली विहीर जाते. अक्कानं, तुझ्या आईनं, जेवण कमी केलंय आणि बोलणं वाढवलंय.

मोजणीदार एप्रिलात येणार. त्याचं म्हणणं, निजामाच्या वेळचा नकाशा आणि रान यांचा मेळ बसत नाही. दगडाखाली खूण निघाली तर तो तीच हद्द धरणार. आपल्याकडं हद्दीचा दगड कोरडा रोवत नाहीत, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. खाली तांब्याचं भांडं, त्यात कोळसा आणि त्या सालातलं एखादं नाणं. कोळसा कुजत नाही आणि नाणं साल सांगतं. हा दगड तुझ्या आजोबांनी आणि दादामियाँच्या वडलांनी मिळून रोवलेला, तेव्हा खूण असणारच. पण पंचांवाचून दगड हलवणं गुन्हा, आणि खूण उकरणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात ते निराळंच. म्हणून दगड न हलवता खाली तांबं आहे का, हे मला आधी कळलं पाहिजे. चार लोकांत तोंडावर पडायला नको.

यंत्राचं ऐकून अक्का म्हणाली, मग आधी माझी लग्नातली तांब्याची लोटी हुडक, ती तुझ्याच दुकानात मोडीत गेलीय. दहा वर्षं हा आळ मी वागवतोय. मोडीचा धंदा करणाऱ्याला बहीण असू नये! दाजी तेवढे माझ्या बाजूचे होते. दिवाळीला लोटीचा विषय निघाला की उठून बैलांकडं जायचे.

लोभ आहेच, तो लवकर आलेल्या उत्तरातून दिसावा.

तुझा मामा
लिंबाजी

◆

पुणे
ता. २४ जानेवारी १९६०

ती. मामांस,
गोरोबाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र मिळालं. आज रविवार, जुन्या बाजारातून आत्ताच घरी आलो. कपड्यांवरची धूळ बघून तारामतीनं अजून आत घेतलेलं नाही, उंबऱ्यावर बसून लिहितो आहे.

तीन गोष्टी नजरेत आहेत. एक तुमच्या मयत यंत्राचा सख्खा भाऊ. तेच वजन, तीच पेटी, आणि त्याची बॅटरी आता मिळत नाही. म्हणजे भाऊही आजारीच. दुसरं अमेरिकन. लांब दांडा, खाली चपटा डबा, वर घड्याळासारखा काटा. खाली धातू आला की काटा हलतो. हलकं आहे, दिसायला देखणं आहे. तिसरं अजून जन्माला यायचं आहे. तारेची दोन वेटोळी आणि तीन ट्रान्झिस्टर घेऊन मी स्वतः बनवू शकेन, टॉर्चच्या सेलवर चालेल. त्यात काटा नाही, नुसता शिट्टीसारखा सूर. धातू जवळ आला की सूर बदलतो.

माझं मत काट्याच्या बाजूनं. मामा, रागावू नका, पण पंचावन्नाव्या वर्षी कानावर किती भिस्त ठेवायची? परवा मामींनी पत्रात घातलं होतं की बाजारातून मीठ सांगितलं तर तुम्ही पीठ आणलंत.

हद्दीची काळजी मला नाही. अण्णांनी परक्याच्या रानातली काडी कधी उचलली नाही. काळजी आहे ती विहिरीची. त्या विहिरीत माझी तीन वर्षं आहेत. दिवसा दुकान, संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन दुरुस्त्या. त्या काळात मी पुण्यात असून पुणं बघितलं नाही. तेव्हा यंत्राचा खर्च माझा, तुम्ही फक्त निवडा.

आईला नमस्कार आणि जेवायला सांगा. आपली माया आहे तशीच राहो.

आपला
गोरोबा

◆

लोहारा
ता. ३ फेब्रुवारी १९६०

चि. गोरोबास आशीर्वाद. वि. वि.

मिठाचं पीठ झालं ते कानामुळं नव्हे. तुझ्या मामीचं मी निम्मंच ऐकतो, म्हणून संसार टिकलाय.

माझ्या कानाबद्दल तुला ठाऊक नसेल तर ऐक. अकराव्या वर्षी मी सराफाच्या पायरीवर बसायचो. तेव्हा इथं निजामाचा हाली रुपया आणि बाहेरचा कलदार, दोन्ही चालायचे, आणि त्यात खोटे मिसळलेले. सराफ दिवसभर रुपये दगडावर टाकायचा आणि मी तोंड फिरवून सांगायचो, हा हाली, हा कलदार, हा शिशाचा. त्यावर दोन वेळची भाकरी होती. पुढं तराजू खांद्यावर टाकून गावोगाव मोड घेत फिरलो, तेव्हाही भांडं टिचकीनं ओळखलं. दुकान झालं ते या दोन कानांवर. डोळा आशेला भुलतो गोरोबा, काटा हलायच्या आधी तो हललेला दिसतो. कानाला तसलं काही जमत नाही.

तरी तुझं मत मोडीत काढत नाही, कसाला लावू. पुढच्या बाजारी खिशात एक नाल आणि तांब्याचं एक भांडं घेऊन जा. विकणारा यंत्र ऐरणीवर धरून दाखवील, तिकडं बघू नकोस. ऐरणीवर काय, आंधळंही यंत्र नाचेल. दोन्ही वस्तू ओल्या मातीत हातभर खाली ठेवायला सांग. कुरकुरला तर चहा पाज. काटा नालाला आणि तांब्याला सारखाच हलला तर हात जोडून घरी ये. आपल्या बांधावर शंभर वर्षांचे नाल, फाळाचे तुकडे, खिळे पडलेत. धातू आहे एवढंच सांगणारं यंत्र मला नको. कुठला, ते सांगणारं पाहिजे.

दादामियाँ काल दुकानात आले होते. दुधाची कासंडी घेतली, दर ठरवताना हुज्जत घातली, जाताना अक्काच्या तब्येतीची चौकशी केली. मोजणीचा शब्द त्यांनी काढला नाही, मीही नाही.

चहाचा हिशोब ठेवू नकोस, माया ठेव.

तुझा मामा
लिंबाजी

◆

पुणे
ता. २१ फेब्रुवारी १९६०

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही जिंकलात. टांगेवाल्याकडून नाल आणला, घरातलं भांडं घेतलं, विकणाऱ्याला दोन चहा पाजले. अमेरिकन काटा तांब्याला हलतो आणि नालालाही तसाच वाकून मुजरा करतो. कोण कुठला हे त्याला कळत नाही. भांडं आणि नाल दोन्ही चिखलात माखून घेऊन निघालो, तेव्हा विकणारा म्हणाला, अहो, तुम्हाला लढाई करायची आहे की शेती? मी म्हटलं, मोजणी.

तेव्हा तिसरं यंत्र मीच बनवलं. चाळणीच्या लाकडी कड्यावर तार गुंडाळली, त्याला वेळूचा दांडा, वर बिस्किटाच्या डब्यात बाकीचा संसार. हेडफोन लष्करी आहेत, एवढंच बाजारातून घेतलं. नीट ध्यानात ठेवा: लोखंडाला सूर खाली उतरतो, तांब्याला, चांदीला वर चढतो. फरक बारीक आहे. मला दहांत सात वेळा कळला. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहायचो आणि तारामती अंगणात वस्तू पुरायची. शेवटी तिनं न सांगता स्वतःचं जोडवं पुरलं आणि मी ते काढलं. तेव्हापासून यंत्राला घरात जागा मिळाली. तुम्हाला दहांत दहा कळतील.

सोलापूरपर्यंत रेल्वेनं पार्सल करतो, पुढं एस.टी.नं तुम्ही न्या. ड्रायव्हर विचारील तर रेडिओ आहे म्हणा, खोटं होणार नाही.

आशीर्वादांची सावली असू द्यावी.

आपला
गोरोबा

◆

लोहारा
ता. २० मार्च १९६०

चि. गोरोबास आशीर्वाद. वि. वि.

यंत्र पोचलं. एका वेटोळ्याला किंचित पोचा आलाय, बोलणं शाबूत आहे. आणि काय बोलतं रे! पहिल्या दिवशी पांढरीवर तासाभरात हालीचे दोन पैसे आणि चांदीची एक चवली, आणि मधे एकही नाल उकरला नाही. नाल खाली कण्हतो आणि मी त्याला रामराम करून पुढं जातो. काळी माती स्वतःही थोडी गुणगुणते, म्हणून आधी मोकळ्या जागी धरून सूर लावून घ्यावा लागतो. तंबोऱ्यासारखंच. शाबास, तुझ्या हातात गुण आहे.

काल दुपारी, रानात कुणी नसताना, अक्काला घेऊन हद्दीवर गेलो. दगडाच्या चारी अंगानं कडं फिरवलं. सूर असा चढला की मी कानावरचे डबे काढून अक्काला लावले. ती म्हणाली, डास गातोय. म्हटलं, गाऊ दे, तांब्याचा डास आहे. खाली खूण आहे, हातभर खोल. अक्कानं घरी येऊन गूळ वाटला आणि रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुला कळवायला लई घाई केली तिनं.

एक बारीक गोष्ट. परत निघताना यंत्र बंद करायचं राहिलं. विहीर ओलांडून आपल्या बाजूला आलो तेव्हा एका जागी कानाला काहीतरी वाटलं. पुन्हा एकदा ऐकून लिहीन. अक्काला बोललो नाही, तूही लिहू नकोस.

बाकी क्षेम. लोभाचा सूर चढता असावा.

तुझा मामा
लिंबाजी

◆

पुणे
ता. २७ मार्च १९६०

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र तारामतीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्हीही गूळ खाल्ला. मोजणीच्या दिवशी पंचांसमोर, दादामियाँसमोर दगड उचलू द्या, भांडं निघू द्या, म्हणजे हा विषय कायमचा मिटेल. अण्णांच्या नावावर आलेला डागही जाईल.

तुमच्या कानाला वाटलं ते सोडून द्या. विहीर पाडताना वीस मजूर होते, कुणाचा तरी तांब्या गाडला गेला असेल. पुन्हा ऐकायला जाऊ नका. दगडाखालचं पुरे आहे.

आईला आता तरी पोटभर जेवायला सांगा. कृपादृष्टी असावी, ती असतेच.

आपला
गोरोबा

◆

लोहारा
ता. १८ एप्रिल १९६०

चि. गोरोबास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

तुझं न ऐकता मी पुन्हा गेलो होतो. विहिरीच्या अलीकडं, दगडापासून मोजून बारा पावलांवर, तांब्याचा दुसरा सूर होता. मजुराचा तांब्या नेमका बाराव्या पावलावर कसा पडेल? पण मी गप्प बसलो, तुला खरं सांगतो. मोजणीदार दगडाखालचं बघणार होता आणि दगडाखाली तांबं होतं. दुसरा सूर माझ्या एकट्याच्या कानात होता. म्हटलं, तिथंच राहू दे.

शनिवारी मोजणी झाली. पाच पंच, मोजणीदार, दादामियाँ, अक्का आणि मी. दगड उचलला, हातभर खणलं, मातीचा गोळा निघाला. धातूचा माणूस म्हणून माझ्याच हातात दिला. माती पुसली तर आत लोटी. कोळसा होता आणि एक नाणं होतं. मोजणीदार म्हणाला, खूण निघाली, लिहून घेतो. दादामियाँनी मान हलवली, म्हणाले, असेल, माझीच नजर चुकली असेल.

नाणं मी अंगठ्यानं घासलं. वर घोडा होता गोरोबा. घोड्याचा पैसा आपलं राज्य आल्यावर निघाला, खाली सन १९५० लिहिलेलं. आजोबांच्या दगडाखाली ते कसं येईल? हे त्या घटकेला फक्त मला कळलं होतं. मोजणीदार लिहिण्यात गुंतला होता आणि पंचांतल्या कुणाला एवढं बारीक दिसत नव्हतं. मी मूठ मिटली. काय बोलायचं याचा विचार करत होतो, का न बोलायचं याचा, ते आज मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात अक्का पुढं आली आणि लोटी माझ्या हातातून ओढून घेतली. तिला अक्षर येत नाही, पण काठाचा पोचा येतो. एवढ्या मोठ्यानं ओरडली की बांधावरची बगळी उडाली. म्हणाली, अगंबाई, ही तर माझी लग्नातली लोटी, दहा वर्षं मी माझ्या भावाला चोर म्हणत आले! पंचांना फिरून फिरून दाखवत होती, हे बघा नाव, इथं माझं नाव घातलंय. हसत होती. माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

पंच एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा तिला कळलं. लग्नातली लोटी पन्नास साली घरातून गेली, ती या दगडाखाली कुणी ठेवली, हे तिनं स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकलं होतं. दादामियाँ खाली बघून पायानं ढेकूळ फोडत बसले. अक्कानं लोटी पदराखाली घेतली आणि म्हणाली, बोलले ते बोलले. लिंबा, तुला आणखी काही ऐकू आलं असंल तर आता सांग.

मी यंत्र आणलं आणि बारावं पाऊल दाखवलं. तिथं दुसरी लोटी निघाली, हिरवी पडलेली. कोळसा होता आणि हालीचा पैसा होता. त्याच्यावरचं उर्दू साल मी मोठ्यानं वाचलं, तुझ्या आजोबांच्या वेळचं. हद्द तीच धरली. विहीर दादामियाँच्या रानात गेली.

दाजींनी असं का केलं हे विचारायला दाजी नाहीत. पन्नास साली सगळे म्हणत होते की गेलेले आता परत येत नाहीत. रान कुणीतरी घेणारच होतं. पण जुनी खूण उकरायला त्यांचा हात धजला नाही, आणि नवा दगड खुणेवाचून रोवायलाही धजला नाही. नवं भांडं माझ्या दुकानातून घेतलं असतं तर मी विचारलं असतं, कशाला? म्हणून घरातलं नेलं.

मला एकच लागून राहिलंय. दर दिवाळीला लोटीचा विषय निघाला की ते उठून बैलांकडं जायचे. मी एवढा कानाचा माणूस, त्यांचं ते उठणं, ते जाईपर्यंतच्या सात वर्षांत, मला एकदाही ऐकू आलं नाही.

अक्का जेवते आहे. तू लिही.

मामा

◆

पुणे
ता. १ मे १९६०

ती. मामांस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आज इथं नव्या राज्याची मिरवणूक आहे, दुकान बंद आहे, म्हणून बसलो.

पहिले चार दिवस मला त्या यंत्राचा राग होता. काट्याचं घेतलं असतं तर ते दगडाखाली हललं असतं आणि सगळे सुखानं घरी गेले असते, असंही मनात आलं. तुमचाही राग आला, खोटं कशाला सांगू. तारामती म्हणाली, यंत्र तुम्हीच बनवलंत, आणि चांगलं बनवलंत, आता त्याच्यावर रुसता कशाला.

अण्णा नुसते चोर असते तर त्यांनी कोरडा दगड रोवला असता. कुणाला कधी कळलंही नसतं. त्यांनी खाली साल लिहून ठेवलं. मी एवढ्यावरच येऊन थांबलोय, यापुढं मला जाता येत नाही.

दादामियाँना माझा सलाम सांगा. विहिरीबद्दल ते म्हणतील ते मान्य. त्यांनी पाणी तोडलं तरी माझी तक्रार नाही.

दगड पुन्हा बसवाल तेव्हा सोबतचं नाणं खाली ठेवा. यंदाचा नवा पैसा आहे, १९६० चा. माझ्या पगारातला. कोळशाजवळ माझ्या हातानं ठेवल्यासारखा ठेवा.

आपला आणि आईचा हात डोक्यावर असावा.

आपला
गोरोबा

◆

लोहारा
ता. १२ मे १९६०

चि. गोरोबास आशीर्वाद. वि. वि.

दगड काल बसला, जुन्या जागी. तुझा पैसा दादामियाँच्या हातात दिला. त्यांनी उन्हात धरून साल वाचलं, शेजारी हालीचा पैसा ठेवला आणि म्हणाले, दोन्ही राहू देत, पुढच्यांना दोन्ही साल कळू देत. घोड्याचा पैसा मात्र त्यांनी मला परत दिला. म्हणाले, तुम्ही नाणी जमवता, हे तुमच्या डब्यात ठेवा, बांधावर नको. असा माणूस.

विहिरीचं त्यांनी स्वतःच काढलं. जागा माझी, खड्डा तुमचा, पाणी दोघांचं नाही, म्हणून पाळी लावू. तीन दिवस ते, तीन दिवस आपण, सातव्या दिवशी विहिरीला सुट्टी. कागद केला. सही करताना हुज्जत घातली ती फक्त सुट्टीच्या वारावरून.

भांड्याचा प्रश्न निघाला. जुनी लोटी कुजून हातात आली होती. मी दुकानातून नवी आणली होती, पण अक्कानं ती बाजूला सारली आणि पदराखालून स्वतःची काढली. चिंचेनं लख्ख घासलेली. मी म्हटलं, अक्का, दहा वर्षांनी सापडली, ठेव की घरात. तर म्हणाली, न्हाय, ती आपल्या कामाला लागलीय, फक्त जागा चुकली होती. खड्ड्यात स्वतः उतरली आणि नाव वर येईल अशी ठेवली.

तेव्हा माझ्यावरचा आळ आता पुरावा म्हणून जमिनीखाली आहे. नवी लोटी अक्कानं घरी नेली. संध्याकाळी निरोप आला की काठ जरा पातळ आहे, लिंबानं मापात मारलं.

यंत्र भिंतीला टांगलंय. पाऊस पडून गेला की पांढरीवर नेईन. सेल घेऊन ये, आणि या दिवाळीला तू स्वतः ये. तू उठून बैलांकडं गेलास तर या खेपेला मी मागोमाग येईन.

तुझा मामा
लिंबाजी